करून न दाखवता

"ताई, एकदा करून दाखवा ना," असे तिने म्हटले तेव्हा वर्गातील सगळ्यांनीच माझ्याकडे पाहिले. सोमवारची संध्याकाळ होती. सोसायटीच्या सभागृहातील खुर्च्या आम्ही नेहमीप्रमाणे भिंतीला लावून ठेवल्या होत्या आणि त्यांतल्याच एका खुर्चीत मी बसले होते. ती साताऱ्याकडची मुलगी वर्गात नवीन होती आणि माझ्या डाव्या गुडघ्याची हकिकत तिला कुणी सांगितलेली नव्हती. मी म्हटले, "मी सांगते, तू कर." तिच्या चेहऱ्यावर निराशा उमटली. ती मला फार ओळखीची वाटली, कारण तिच्या वयाची असताना मीही अशीच हिरमुसले असते.

'करून दाखवणे' या शब्दांना मराठीत मोठा मान आहे. बोलणारे पुष्कळ असतात, करून दाखवणारे थोडे, असे आपण सहज म्हणून जातो. नर्तकाच्या आयुष्यात तर हे शब्द अक्षरशः खरे असतात. रंगमंचावर करून दाखवायचे, वर्गात विद्यार्थ्यांना करून दाखवायचे, नवी रचना बसवताना सहकाऱ्यांना करून दाखवायचे. प्रयोग, शिकवणी आणि नृत्यरचना ही माझ्या कामाची तीन अंगे, आणि वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत ही तिन्ही अंगे याच एका क्रियापदावर उभी होती. ते क्रियापद माझ्याकडून काढून घेतले गेले तेव्हा आता हातात काय उरणार, असे वाटून मी कित्येक रात्री जागून काढल्या आहेत.

मी कथक शिकू लागले तेव्हा आठ वर्षांची होते. पुण्यात कथक शिकणे ही तोवर घराघरांत ओळखीची गोष्ट झाली होती. रोहिणीताई भाटे यांनी १९४७ साली 'नृत्यभारती' सुरू केली आणि त्यानंतरच्या काही दशकांत या शहरात कथक असे रुजले की मध्यमवर्गीय घरातील मुलीने घुंगरू बांधणे याबद्दल कुणाला काही विशेष वाटेनासे झाले. माझ्या बाई त्याच वातावरणात घडलेल्या होत्या. सदाशिव पेठेतील एका जुन्या वाड्यात, शहाबादी फरशीवर, आम्ही पहिली दोन वर्षे जवळजवळ फक्त तत्कार, म्हणजे तालातले पायांचे मूळ काम, केला. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. एकपट, दुप्पट, चौपट. भूमीला नमस्कार करून उभे राहायचे, मग तिच्यावर पायाने आघात करायचा, आणि तो आघात स्वच्छ ऐकू आला पाहिजे. जमिनीशी आमचे नाते होते ते एवढेच. तिच्यावर आडवे पडायचे असते, हे त्या काळी माझ्या मनातही आले नसते.

ते आले पंचविसाव्या वर्षी, बंगळुरूला. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अट्टकलरीसारख्या संस्थेमुळे ते शहर तोवर समकालीन नृत्याचे महत्त्वाचे केंद्र झाले होते, आणि मी तिथे एका कार्यशाळेसाठी म्हणून गेले होते. पहिल्याच सकाळी आम्हाला पडायला सांगण्यात आले. सतरा वर्षे तोल सांभाळण्याचे शिक्षण घेतलेल्या माझ्या शरीराने ती सूचना सपशेल नाकारली. दर वेळी पडताना माझे तळहात आधी पुढे येत आणि मनगटांवर सारा भार जाई. तिसऱ्या दिवशी दोन्ही मनगटे सुजली. चौथ्या दिवशी कधीतरी, थकव्यामुळेच असेल, हात पुढे आले नाहीत. मांडीची बाजू, कंबर, बरगड्या आणि खांदा असे एकामागून एक जमिनीला लागत गेले आणि काहीही दुखले नाही. मी तशीच पडून राहिले. वरचा पंखा फिरताना दिसत होता. सतरा वर्षांत जमिनीने माझे वजन असे पूर्णपणे घेतले नव्हते.

या पडण्यामागे एक सबंध विचार आहे, हे मला नंतर वाचून कळले. अमेरिकेतील डोरिस हम्फ्री यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले की पूर्ण तोल आणि पूर्ण पडणे यांच्या मधल्या पट्ट्यात नृत्य घडते. ताठ उभ्या असलेल्या माणसात नाट्य नसते आणि निपचित पडलेल्यातही नसते. ते असते तोल जाण्यात आणि तो पुन्हा मिळवण्यात. त्यांचे शिष्य होझे लिमोन यांनी याच विचारावर आपली पद्धती उभारली, आणि ती पद्धती न्यूयॉर्कला जाऊन शिकून आलेल्यांत आपले अस्ताद देबू होते. लहानपणी प्रह्लाद दास यांच्याकडे कथक शिकलेले अस्ताद १९६९ साली मुंबईहून मालवाहू बोटीने निघाले, लंडनमध्ये मार्था ग्रॅहम यांचे तंत्र शिकले, पुढे लिमोन यांचे, आणि परत आल्यावर केरळात कथकलीही शिकले. समकालीन नृत्य म्हणजे पाश्चात्त्य नृत्याची नक्कल, असे मला आजही कुणी ऐकवते तेव्हा मी हा प्रवास सांगते. ज्याच्या शरीरात इतकी घराणी एकत्र नांदली त्याला नक्कल करण्याची गरजच उरत नाही.

पुढची पंधरा वर्षे मी प्रयोग केले, वर्ग घेतले, पुन्हा प्रयोग केले. त्या वर्षांबद्दल मला येथे फारसे लिहायचे नाही. ती चांगली होती आणि भराभर गेली. वर्गांच्या शुल्कातून सभागृहाचे भाडे आणि घर चालायचे, प्रयोगांतून प्रवासखर्च कसाबसा निघायचा. समकालीन नृत्याला गांधर्व महाविद्यालय मंडळासारख्या परीक्षा नाहीत, प्रारंभिक ते अलंकार अशी शिडी नाही, त्यामुळे 'हिला यातून प्रमाणपत्र काय मिळणार?' हा पालकांचा प्रश्न ठरलेला असे. त्या प्रश्नात मला कधी वावगे वाटले नाही. ज्या गोष्टीसाठी आपण पैसे आणि संध्याकाळी देतो, तिची काही खूण हातात असावी, असे कुणालाही वाटणारच.

गुडघा गेला तो एका महोत्सवात. आयोजकांनी लाकडी फ्लोअर देण्याचे कबूल केले होते. दुपारी तालमीला गेले तेव्हा सिमेंटच्या चौथऱ्यावर जाजम अंथरलेले दिसले. मी विचारले, तेव्हा 'अॅडजस्ट करा' असे उत्तर मिळाले, आणि मी नाही म्हणू शकले असते तरी म्हटले नाही. त्या आयोजकांना मी केव्हाच क्षमा केली; स्वतःला करायला मात्र मला बराच काळ लागला. रात्री एका उडीनंतर उतरताना डाव्या पायाखालचे जाजम सरकले, पाऊल तिथेच राहिले आणि मांडी वळली. ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. अस्थिबंध तुटला होता आणि कूर्चाही फाटली होती. शस्त्रक्रिया झाली, मग नऊ महिने फिजिओथेरपी. चालणे नीट झाले, जिने चढणे झाले. उडी, झटक्याने वळणे आणि खोल बैठक मात्र कायमची गेली.

वर्ग बंद ठेवणे परवडण्यासारखे नव्हते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांनी मी कुबड्या घेऊन सभागृहात गेले आणि खुर्चीत बसून शिकवू लागले. सुरुवातीला मी सर्वांत तयार विद्यार्थिनीला पुढे उभे केले. तिने करायचे आणि बाकीच्यांनी तिचे पाहून करायचे. तोवर मी नेहमी त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे पाठ करून नाचत आले होते. आता प्रथमच मी वर्गाकडे तोंड करून स्थिर बसले होते, आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट दिसली. गिरकी घेण्याच्या आधी वर्गातील प्रत्येकाचा उजवा खांदा किंचित वर जात होता. सगळ्यांचा, एकाच क्षणी. कुणीही शिकवलेले नसताना हे आले कुठून, हे शोधण्यासाठी मी रात्री माझ्या जुन्या प्रयोगांचे चित्रीकरण लावून पाहिले. तो खांदा माझा होता. पंधरा वर्षे मी न चुकता तो उचलत आले होते आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. मी करून दाखवत होते ती गिरकी, आणि तिच्यासोबत ती खोडही इमानेइतबारे पोचत होती. मुलांनी मला जसेच्या तसे घेतले होते. त्यांची स्वतःची गिरकी त्यांतल्या एकालाही सापडलेली नव्हती.

त्याच सुमारास मी बाईंना भेटायला गेले. त्या तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि आतल्या खोलीत एका मुलीला शिकवत होत्या. मी दारातच थांबले. बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या होत्या, हाताने तालाची टाळी आणि खाली दाखवत होत्या आणि पढंत करत होत्या, म्हणजे नृत्याचे बोल तालात म्हणत होत्या. तिग्दा दिगदिग थेई. पहिल्या दोन वेळा मुलगी बोल नुसते पायांतून काढत होती. तिसऱ्या वेळी बाईंनी शेवटच्या 'थेई'वर आवाज थोडा खाली आणला आणि तो शब्द जमिनीवर ठेवावा तसा ठेवला. त्याच क्षणी मुलीचा भार पोटातून सरळ उजव्या टाचेत उतरला. बाईंनी तिला एक शब्दही समजावून सांगितला नव्हता, आणि त्या जागेवरून हललेल्याही नव्हत्या.

घरी येताना मी आठवत राहिले की बाईंना उठून नाचताना मी शेवटचे कधी पाहिले होते, आणि मला आठवेना. माझ्या लहानपणीही त्या बहुतेक वेळ बसलेल्याच असत. मी ज्याला 'बाईंचे पाहून शिकले' म्हणत आले होते, ते पुष्कळसे ऐकून शिकलेले होते. पढंत ही तालाची उजळणी आहे, असेच मी इतकी वर्षे धरून चालले होते. प्रत्यक्षात बोलाचे वजन, त्यातला श्वास, कुठे ओढायचे आणि कुठे सोडायचे, हे सगळे आवाजातून शरीराला कळत होते. माझ्या परंपरेत करून न दाखवता शिकवण्याची रीत आधीपासून होती. मी तिच्यातच वाढले होते आणि ती मला दिसली नव्हती.

पण समकालीन नृत्याला बोल नाहीत. आमच्याकडे होते ते इंग्रजी शब्द: ड्रॉप, रिलीज, सस्पेंड, रोल. हे शब्द मी बंगळुरूहून आणले आणि जसेच्या तसे वापरत राहिले, कारण मी स्वतः करून दाखवत असल्यामुळे शब्दांवर काही भारच पडत नव्हता. आता पडू लागला. 'ड्रॉप' म्हटले की काही जण गुडघ्यांत वाकत, काही मान टाकत, आणि बँकेत नोकरी करणारे, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ नुसतेच गोंधळून उभे राहत. एके दिवशी मी कंटाळून त्यांना म्हटले, "रविवारी दुपारी जेवण झाल्यावर जरा लवंडता ना, तसे लवंडा." आणि ते लवंडले. कोपर, दंड, बरगडी, कंबर, कसलाही धक्का नाही, कसली घाई नाही. जे मला बंगळुरूला चार दिवस आणि दोन सुजलेली मनगटे देऊन मिळाले होते ते त्यांना एका क्रियापदात मिळाले.

त्या रात्री मी एक वही सुरू केली. पडण्यासाठी मराठीत किती क्रियापदे आहेत आणि ती एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हे मी तोवर लक्षातच घेतले नव्हते. घागर कलंडते, तेव्हा तिचा तळ जागेवर असतो आणि वरचा भाग एका बाजूला जातो. दरड कोसळते, एकदम. जुनी मातीची भिंत ढासळते, आतून, थोडी थोडी. उतारावरचा धोंडा घरंगळतो. अश्रू ओघळतो, म्हणजे खाली जाताना गालाचा स्पर्श कुठेही सोडत नाही. चिरा निखळतो, म्हणजे आधी सांधा सैल होतो आणि मग तो सुटतो. भिंतीला टेकणे वेगळे आणि भिंतीला रेलणे वेगळे. टेकण्यात वजन आपल्याकडेच असते, रेलताना ते भिंतीला दिलेले असते. यातला प्रत्येक शब्द म्हणजे शरीराला दिलेली अचूक सूचना आहे आणि ती ऐकणाऱ्याच्या अंगात लहानपणापासून मुरलेली आहे.

सगळे शब्द चालले असे मात्र नाही. 'झेपावणे' म्हटले की सगळे चित्रपटातल्यासारखे हात पसरत. 'फुलणे' म्हटले की चेहऱ्यावर हसू येई. ज्या शब्दासोबत आधीच ठरलेले चित्र येते तो शब्द शरीराला अभिनयाकडे नेतो, आणि मग वजनाचा विचार सुटतो. म्हणून फुलासारखे, पाखरासारखे, लाटेसारखे ही भाषा मी वर्गातून काढून टाकली. स्वयंपाकघरातील, अंगणातील, बांधकामावरील क्रियापदे टिकली.

रचनेकडे मी वळले ती या वहीमुळे. तोवर मी रचना करत होते त्या माझ्या शरीरातून निघत आणि इतरांच्या शरीरांवर चढवल्या जात. आता तो रस्ताच उरला नव्हता. अशा वेळी धीर देणाऱ्या तीन गोष्टी मला माहीत होत्या. सांध्यांच्या दुखण्यामुळे डोरिस हम्फ्री यांना पन्नाशीच्या आसपास रंगमंच सोडावा लागला आणि त्यानंतर लिमोन यांच्या संस्थेसाठी त्यांनी आपल्या काही उत्तम रचना केल्या. दुसरी गोष्ट मुंबईची. उदय शंकर यांच्या अल्मोड्याच्या केंद्रातून आलेले शांती बर्धन क्षयाने खंगलेले असताना त्यांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप उभा केला आणि माणसांनी लाकडी बाहुल्यांसारखे हलत सादर केलेले रामायण बसवले. १९५४ साली ते गेले. बाहुल्यांचे रामायण त्यांच्यामागे कितीतरी वर्षे होत राहिले. आणि अस्ताद देबू यांनी कर्णबधिर कलाकारांबरोबर वर्षानुवर्षे काम केले, जिथे संगीत कानांनी ऐकण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे एखादी गोष्ट नाही, हे धरूनच या माणसांनी काम केले होते.

मला वजन उचलण्यावर काहीतरी करायचे होते, म्हणून मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पहाटे जाऊ लागले. पहिले आठ दिवस मी नुसती बघत होते. ट्रकच्या फाळक्याशी दोघे जण उभे असतात, ते आकड्याने पोते ओढून कडेला आणतात, आणि खाली पाठ करून उभा असलेला माणूस ते घेतो. दिसते असे की वरून पोते येते आणि तो ते झेलतो. मी विद्यार्थ्यांना तसेच सांगितले आणि आम्ही तीन आठवडे झेलण्यावर काम केले. मग यार्डातले एक वयस्क हमाल, ज्यांच्याशी रोजच्या चहामुळे ओळख झाली होती, तालीम बघायला आले. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीचे ते जुने सभासद. पूर्वी शंभर किलोची पोती असायची, पुढे पन्नासची व्हावीत म्हणून किती वर्षे भांडावे लागले, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्यांनी तालीम शेवटपर्यंत शांतपणे पाहिली. मग म्हणाले, "छान हाय. पन ताई, पोतं आपल्या पाठीवर येत न्हाई. आपुन पोत्याखाली जायाचं असतंय."

मला काही सुचेना. मी त्यांना करून दाखवा म्हणणार होते; शब्द ओठांवर आले होते. पण माझ्या मागे बसलेले सहाही नर्तक तोवर उठून उभे राहिले होते. ते एक वाक्य त्यांनी ऐकले होते आणि प्रत्येक जण आपापल्या परीने, नसलेल्या पोत्याखाली जात होता. एकीने आधी श्वास सोडला. एकाचा गुडघा वाकण्याआधी पाठ रुंद झाली. कुणाचेही कुणासारखे नव्हते आणि तरी सहाही जणांच्या पाठीवर मला वजन दिसत होते. ते हमाल मामा म्हणाले, "आता जड झालं."

ती रचना अडतीस मिनिटांची झाली आणि पुण्यातील एका लहान रंगमंचावर तिचे मोजके प्रयोग झाले. मामा पहिल्या प्रयोगाला पत्नीसह पहिल्या रांगेत बसले होते. कष्टाच्या कामातून आपण नृत्य घेतो तेव्हा त्या माणसाचे देणे कसे फेडायचे, या प्रश्नाचे पुरते उत्तर मला मिळालेले नाही. पत्रिकेत नाव घातले, मानधन दिले. हे आवश्यक होते आणि तेवढ्याने देणे फिटले असे मला वाटत नाही.

मी स्वतःही अजून नाचते, हे सांगायला हवे. दहा मिनिटांची एक एकल रचना आहे. तिच्यात मी एका लाकडी स्टुलावर बसलेली असते आणि तो शेवटपर्यंत सोडत नाही. तिच्या शेवटी मी स्वतःशीच पढंत करते, अगदी हळू, बाईंच्या त्या 'थेई'पर्यंत. बाई गेल्या त्याला आता चार वर्षे होतील. प्रयोगाआधी मला आजही पूर्वीइतकीच धास्ती वाटते आणि त्याचा मला आनंद आहे.

तर त्या सोमवारी ती मुलगी हिरमुसली, पण टिकली. दोन महिन्यांनी, वर्ग संपता संपता, मी सगळ्यांना उभ्यावरून खाली यायला सांगितले होते, शब्द न देता. बाकीच्यांनी वहीतलेच काहीतरी केले; कुणी लवंडले, कुणी ढासळले. ती मात्र उभी होती आणि मग बसलेली होती, आणि खाली आली तो क्षण मला पकडता आला नाही. तिने कुठेही वजन टाकले नव्हते. ते तिच्यातून कमी होत गेले होते.

मी तिला पुन्हा करायला सांगितले. तिने केले. हे काय आहे, असे मी विचारले आणि सगळे शब्द शोधू लागले. ओसरणे, असे कुणी म्हणाले. पण ओसरणारे पाणी कुठेतरी जाते, आणि ही तर जागेवरच होती. विरणे म्हणावे, तर ती पुरती समोर बसलेली होती. बरेच शब्द झाले. मग तीच म्हणाली, "आमच्याकडे रात्री भाकरी झाल्यावर आजी म्हणते, चूल निवू दे. तसं वाटलं."

मी वही काढून 'निवणे' लिहिले आणि सगळ्यांना उभे राहायला सांगितले. श्वास ऐकू यावेत म्हणून कुणीतरी पंखे बंद केले. मी म्हटले, "निवा." पहिला माणूस खाली पोचायलाच बराच वेळ लागला. बँकेतले गृहस्थ शेवटपर्यंत उभे होते, डोळे मिटून, आणि त्यांना घाई करावी असे कुणालाही वाटले नाही. खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी गाडी सुरू झाली आणि निघून गेली. मग तेही बसले.